धुतलेला स्पंज

शुक्रवारी सकाळी टर्नर तोंडात ब्रश धरून टाकीपाशी आला आणि तिथेच खिळला. मासे धापा टाकत होते.

एरवी या वेळी ते कामाला लागलेले असायचे. बोटाएवढे मासे, अंगावर काळसर ठिपके, तोंडाला मिशांच्या जोड्या. मिशा वाळूत खुपसायच्या, तोंडभर वाळू घ्यायची, त्यातलं खाण्यासारखं ठेवून बाकीची कल्ल्यांतून सोडून द्यायची आणि जरा पुढे सरकायचं. दिवसभर हाच धंदा. टर्नरला त्यांचं हे वागणं मनापासून पटायचं, पण तसं तो कधी बोलला नव्हता. बोलला असता तर बायकोने त्याचं जगणं मुश्कील केलं असतं. आज एकही मासा वाळू उकरत नव्हता. सगळे पोटावर पडून होते आणि कल्ले असे भराभर हलत होते की बघणाऱ्याला दम लागावा. मधूनच एखादा सरळ वर झेपावायचा, पाण्याबाहेर तोंड काढून हवा गिळायचा आणि परत खाली येऊन पडायचा. पाण्यावर धुरकट झाक आली होती.

“अगं,” त्याने ब्रश न काढताच हाक मारली. फेस बनियनवर सांडला. “अगं, इकडे ये जरा.”

बायको आली. कपाळावरचा चष्मा तिने डोळ्यांवर घेतला, टाकीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

“काय केलंत?”

“मी काय करणार? मी कशाला काय करेन?”

“तुम्ही काहीतरी केलंय. तोंडावर दिसतंय तुमच्या.”

“तोंडावर फेस आहे.”

“फेसाखाली दिसतंय.”

केलं होतंच. पण काय केलं ते कळायला टर्नर काय चीज होता ते आधी कळायला हवं.

आख्खं आयुष्य त्याने टर्नर म्हणून लेथ मशीनवर काढलं. पाळी संपली की बाकीचे हात धुवून पळायचे, हा मशीन पुसत बसायचा. लोखंडाचा कीस कुंच्याने झाडायचा, तेलाचा ओघळ दिसेल तिथे फडकं मारायचा. कारखान्यात त्याचं नाव पडलं होतं मायक्रॉन, कारण केसाच्या जाडीएवढाही फरक त्याला खपत नसे. पुढच्या पाळीचा माणूस म्हणायचा, “मायक्रॉन, तुझ्या मशीनवर जेवायला बसता येईल.” बाहेरच्यांना अशा माणसाचं फार कौतुक असतं. घरच्यांना विचारा. ज्या घरात बाप चमच्यावरचा डाग सोडत नाही, त्या घरात पोरगं डाग लपवायला शिकतं, आणि बापाला वाटतं पोरगं सुधारलं.

पोराला त्याने साहेबांच्या हातापाया पडून कारखान्यात चिकटवलं. पोरगं तिथे टिकलं नाही. ते जाऊन लागलं माशांच्या दुकानात. टाक्या घासायच्या, पाणी उपसायचं, मेलेले मासे जाळीने काढायचे. टर्नरच्या डोक्यात तिडीक गेली. भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत, तो दुकानदाराला नाही नाही ते बोलला. “माझ्या पोराला माशांची घाण उपसायला लावतोस? लाज वाटत नाही?” पोरगं हातात जाळी घेऊन तिथेच उभं होतं. त्या दिवसापासून बापलेकांत शब्द नाही. पुढे पोराला लांबच्या शहरात, एका मोठ्या मत्स्यालयात नोकरी लागली आणि ते निघून गेलं. त्याने घरी ठेवलेली ही टाकी मागे राहिली.

दर रविवारी सकाळी पोराचा व्हिडिओ कॉल यायचा. आई फोन टाकीसमोर धरायची आणि पोरगं मासे बघायचं. “आई, जरा डावीकडे. हां. तो मोठा कुठाय? दिसला, दिसला.” मग आईची चौकशी, गुडघ्याची चौकशी, मग परत मासे. टर्नर तिथेच खुर्चीवर पेपरामागे बसलेला असायचा. पोराने विचारायचं, “पाणी किती गार आहे, बाबांना विचार.” आईने मान वळवून विचारायचं, “पाणी किती गार आहे?” टर्नरने पेपरामागून आकडा सांगायचा. आईने तो फोनमध्ये सांगायचा. तिघं एकाच खोलीत असल्यासारखे ऐकत होते आणि तरी आई मध्ये टपालवाल्यासारखी राबत होती. वर्षभर हे चाललं. पण चाललं.

टाकीचं काम आधी आईच बघायची. एकदा पाण्याची बादली घेऊन घसरली, तेव्हा टर्नरने कुरकुरत ते अंगावर घेतलं. मग त्याने बसायला बुटकं स्टूल करून घेतलं. मग संध्याकाळचा फेरफटका बंद झाला. बायको काय समजायचं ते समजली.

दुकानांत हे मासे ‘सफाईवाले’ म्हणून विकतात. तळाशी राहतात, घाण खातात, वेगळं खायला घालायला नको. साफ खोटं. बाकीच्या माशांचं खरकटं त्यांना पुरत नाही, आणि घाण तर कोणीच खात नाही. लोक त्यांना उपाशी मारतात आणि वर म्हणतात, हे मासे टिकतच नाहीत. तळाशी राहणाऱ्याने वरच्यांचं उष्टं खाऊन जगायचं असतं, हे माणसांनी माणसांसाठी ठरवलेलं आहे. माशांना त्याची काय कल्पना! पोराने जाताना आईला हे बजावून सांगितलं होतं. बुडणाऱ्या गोळ्या रोज, न चुकता. टर्नर त्या गोळ्या मोजून टाकायचा. त्याच्याकडून एकही मासा उपाशी राहिला नव्हता.

आणि गेल्या रविवारी पोराने फोनवरून बघूनच ओळखलं, फिल्टरची धार मंदावली आहे.

“आई, बाबांना सांग, आतला स्पंज जरा पिळून घ्या. टाकीतलंच पाणी बादलीत काढायचं आणि त्यातच पिळायचा, दोनदा-तीनदा, बस. नळाखाली धरू नका.”

आईने ते शब्दन् शब्द पेपरापर्यंत पोचवलं.

टर्नरने बुधवारी फिल्टर उघडला. स्पंज बाहेर आला तो चिखलाच्या गोळ्यासारखा. तपकिरी, बुळबुळीत, वास येणारा. त्याने तो दोन बोटांत धरला आणि त्याच्या अंगावर शहारा आला. हा असला स्पंज घाणेरड्या पाण्यात पिळायचा? घाणीने घाण धुवायची? कुठल्या कारखान्यात अशी पद्धत असते? शिकाऊ पोरांना त्याने याहून लहान चुकांसाठी कान धरून उभं केलं होतं. त्याने गरम पाणी काढलं, मशीनचा जुना ब्रश शोधला आणि घासायला बसला. स्पंज पांढरा होईपर्यंत उठला नाही. हात लागलाच आहे म्हणून सगळी वाळूही उपसून धुतली, काच आतून घासली, पाणी सगळंच्या सगळं बदललं. पोराने दिलेलं नळाच्या पाण्यात घालायचं औषध त्यात बरोबर मोजून घातलं. टाकी अशी चमकली की आत पाणी आहे की नाही कळेना.

“आता बघ म्हणावं रविवारी,” तो बायकोला म्हणाला होता. हात पुसत, मान ताठ करून. पोराने फोनमधून ती टाकी बघावी आणि एकदा तरी म्हणावं, बाबांनी केलं का हे? एवढीच हाव होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शुक्रवारी दुपारपर्यंत धापा वाढल्या. मिशांच्या मुळाशी लाली आली. टर्नर स्टुलावर बसून होता आणि बायको दर थोड्या वेळाने येऊन त्याच्या मागे उभी राहत होती. ती उभी राहिली की त्याच्या पाठीला कळायचं.

“विचारा ना त्याला.”

“कोणाला?”

“गावाला! पोराला विचारा. तो सांगेल काय करायचं.”

“नको.”

“का नको? जीभ झिजेल?”

“तो म्हणेल, मी सांगितलं होतं. आणि त्याने सांगितलं होतंच. पुढे काय बोलू?”

बायकोने मग सकाळपासून दाबून ठेवलेलं बाहेर काढलं.

“परवा रविवार. फोन येणार. काय दाखवू त्याला? तुमचं टक्कल?” ती म्हणाली आणि मग तिचा आवाज बारीक झाला. “मासे गेले तर तो फोन कशाला करेल हो? सांगा ना. माझा गुडघा बघायला?”

हेच टर्नरच्याही मनात सकाळपासून फिरत होतं, फक्त त्याला तोंड फुटलं नव्हतं. पोरगं आईसाठी फोन करेलही. पण मग ते आईच्या फोनवर, आईशी, स्वयंपाकघरात. टाकीसमोर कोणी येणार नाही. पाणी किती गार आहे, हे त्याला कोणी विचारणार नाही. त्याच्याकडे पोराला सांगण्यासारखा तेवढा एकच आकडा होता.

काहीतरी करायला हवं होतं. आणि काहीच कळत नसताना काहीतरी करणारा माणूस हा घरातला सगळ्यात धोकादायक प्राणी असतो.

“मीठ घालू,” टर्नर म्हणाला.

“मीठ?”

“घसा लाल झाला की आपण मिठाच्या गुळण्या करतो ना? यांची तोंडं लाल झालीत.”

“ते मासे आहेत. ते गुळण्या करणारेत का?”

“समुद्रात काय साखर असते का?”

मीठ पडलं. मासे काचेवर धडका घ्यायला लागले, वर जाऊन खाली यायला लागले. नंतर थकून पडले. टर्नरला वाटलं, शांत झाले. उतार पडला. तो त्या आशेवर आडवा झाला, पण झोप कसली लागते. आगीतून उठून फुफाट्यात पडलोय, हे त्याला आतून ठाऊक होतं.

शनिवारी सकाळी एक मासा कडेला, फिल्टरच्या नळीला टेकून, वाकडा पडला होता. टर्नरने जाळीने हलवला. हलला नाही. बाहेर काढून हातावर घेतला तर नखाएवढ्या वजनाचा. बायकोने आतून वर्तमानपत्राचा तुकडा आणून दिला आणि परत आत गेली.

टर्नरने इस्त्रीचा शर्ट चढवला, चपला घातल्या आणि जिन्यावरून खाली आला. कुठे जायचं हे त्याने स्वतःलाही सांगितलं नव्हतं. पायांना माहीत होतं.

दुकान होतं तसंच होतं. दोन्ही बाजूंनी काचा, बुडबुड्यांचा आवाज, दमट वास. एक बाई काउंटरपाशी रंगीत मासे निवडत होती. दुकानदार शिडीवर चढून वरच्या टाकीत हात घालून उभा होता. त्याने खाली बघितलं आणि परत हात हलवायला लागला.

“या. आज कोणाला शिव्या द्यायला आलात? पोरगं तर गेलं.”

टर्नरने येताना वाटेत वाक्यं जुळवली होती. झालं गेलं वगैरे. त्यातलं एकही वेळेला सापडेना.

“मासे मरतायत,” तो म्हणाला.

“कुठले?”

“त्याचे. मिशांचे. एक गेला सकाळी.”

दुकानदार शिडीवरून खाली उतरला. ओले हात पँटला पुसत जवळ आला. तोंडावरची टिंगल गेली होती, पण पुरती नाही.

“स्पंज धुतलात?”

टर्नर चपापला. “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“धुतलात की नाही?”

“...हो.”

“नळाखाली?”

“गरम पाण्याने. ब्रशने.”

“अरे देवा. वाळू?”

“तीही.”

“आणि मग मासे धापा टाकायला लागल्यावर काय घातलंत?”

“मीठ.”

रंगीत मासे निवडणारी बाई आता मासे बघत नव्हती. दुकानदाराने कपाळावर हात मारला.

“बरं केलंत, गरम मसाला नाही घातला. अहो, या जातीला मीठ सोसत नाही. आणि ती जी घाण तुम्ही धुतलीत ना, ती घाण नव्हती. त्या स्पंजात जीव असतात, डोळ्यांना न दिसणारे. मासे पाण्यात घाण करतात तिचं विष होतं. ते विष हे जीव खातात. ते जीव रुजायला महिनोन् महिने लागतात. तुम्ही ते सगळे एका बैठकीत मारले. आता मासे आपल्याच विषात बसलेत. पाणी चकचकीत, आणि आत विष.”

टर्नर ऐकत राहिला. त्याला आपले स्वच्छ हात कुठे ठेवावेत कळेना. त्याने ते मागे घेतले.

“मग आता?”

“आता पाणी बदलत राहायचं, थोडं थोडं. आणि जुन्या चालत्या टाकीतली मुरलेली घाण आणून फिल्टरमध्ये घालायची. ते जीव नव्या जागी पसरले तर पसरले.”

“तुमच्याकडे...” टर्नरने काउंटरपाशी उभ्या बाईकडे बघितलं. “तुमच्याकडे असेल ना?”

“काय?”

“तेच.”

“पंपाचा आवाज आहे. मोठ्याने बोला.”

“घाण,” टर्नर म्हणाला. मग त्याचाही संयम सुटला, तो सकाळपासून सुटायलाच बसला होता. “घाण हो, घाण! मला थोडी घाण द्या तुमच्या टाकीतली! झालं समाधान?”

बाई फस्सकन हसली आणि तोंडावर रुमाल धरला. दुकानदार हसला नाही. बघत राहिला. बहुतेक त्याला वाटलं होतं, हे ऐकल्यावर बरं वाटेल, आणि तेवढं वाटलं नाही. तो मागच्या बाजूला गेला, एका मोठ्या टाकीचं झाकण काढून त्याने कोपरापर्यंत हात घातला आणि एक स्पंज वर काढला. तपकिरी, बुळबुळीत, चिखलाचा गोळा. त्याला निळा दोरा बांधलेला होता.

“हा घ्या. तुमचाच आहे.”

“माझा?”

“तुमच्या पोराने जायच्या आधी इथे आणून टाकला. नवा स्पंज होता, तुमच्याच फिल्टरच्या मापाचा कापलेला. म्हणाला, काका, हा इथे चालू राहू दे. बाबा एक ना एक दिवस आतला स्पंज धुणार. त्यांना घाण बघवत नाही. त्या दिवशी लागेल.” दुकानदाराने बरणीत टाकीचं पाणी भरलं, स्पंज त्यात बुडवला. “वर्ष झालं. मी परवाच त्याला म्हटलं, अरे, धुतला नाही अजून, सुधारले वाटतं.”

“परवा?”

“फोन येतो की त्याचा. अधूनमधून.”

टर्नरने बरणी घेतली. दुकानदार बोलत राहिला. आज पाण्याचा तिसरा हिस्सा बदला, उद्या परत तेवढाच. मीठही त्यातूनच निघेल. पाणी एकदम बदलू नका, मासे आधीच अर्धमेले आहेत. खायला काही नाही. दिवा बंद. आणि हा स्पंज जसा आहे तसा घाला. धुवायचा नाही, पिळायचा नाही, पुसायचा नाही.

“आणि वाटेत रेंगाळू नका. बरणीत हवा नाही मिळाली तर स्पंजातले जीवही मरतील.”

टर्नर निघाला. दाराशी थांबला. “मी त्या दिवशी बोललो...”

“जा हो,” दुकानदार म्हणाला. “मासे मरतायत.”

तो चालत गेला की पळत, हे त्याला नंतर आठवलं नाही. बरणी छातीशी धरली होती. सिग्नलला थांबावं लागलं तर झाकण उघडून आत बघत होता, जसं काही दिसणारच होतं. शेजारी उभ्या माणसाला वास गेला आणि तो बाजूला सरकला. टर्नरला त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, यात जीव आहेत, अक्कल नाही का तुला. जिना चढताना दम लागला. एका पायरीवर थांबला, मग थांबलो म्हणून स्वतःलाच शिवी घातली.

घरात बायकोने बादलीत पाणी काढून, औषध घालून, ऊन-गार बघून ठेवलं होतं. तिला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने पांढरा स्पंज काढून बाजूला ठेवला आणि चिखलाचा गोळा आत घातला. बोटं बरबटली. पुसायला हात फडक्याकडे गेला आणि थांबला. पाण्याचा तिसरा हिस्सा काढला, नवं पाणी धारेधारेने, कडेने सोडलं. पंप सुरू केला. दिवा मालवला. मग करण्यासारखं काही उरलं नाही, आणि हेच त्याला सगळ्यात अवघड गेलं.

“कोणाकडून आणलंत?” बायकोने विचारलं.

त्याने सांगितलं. सगळं सांगितलं, घाण द्या म्हणून ओरडला तेही. बायको आधी हसली, पदर तोंडात कोंबून हसली, मग त्या पदरानेच डोळे पुसले.

“लेकाने बरोबर ओळखलंय तुम्हाला.”

हे वाक्य टर्नरच्या वर्मी लागलं. स्पंज बसवेपर्यंत त्याला विचार करायला सवड नव्हती, आता होती. वर्षभर! वर्षभर एक स्पंज परक्याच्या टाकीत मुरत होता, बाप कधी चुकतो याची वाट बघत. दुकानदाराला माहीत. कदाचित त्या दुकानातल्या सगळ्या माशांनाही माहीत. फक्त बापाला नाही. पोरगं आधीच धरून चाललं होतं की आपला बाप सांगितलेलं ऐकणार नाही. आणि बापाने ते खरं करून दाखवलं.

“फोन दे,” तो म्हणाला.

“कशाला?”

“दे म्हणतो ना.”

रागात माणूस जे करतो ते त्याला एरवी करवत नाही, रागाचा उपयोग असलाच तर तेवढाच. टर्नरने फोन लावला. समोर घंटी वाजली. वाजत राहिली. त्याने वाक्य तयार ठेवलं होतं: तू स्वतःला समजतोस कोण? समोरून उचललं गेलं.

“हॅलो? आई?”

“मी आहे.”

पोराचा असा आवाज टर्नरने कधी ऐकला नव्हता, किंवा फार वर्षांत ऐकला नव्हता.

“बाबा? काय झालं? आई कुठाय? आईला काय झालं?”

टर्नरचं वाक्य घशातच राहिलं. आपण फोन केला तर पोराला आधी आई मेल्याचं सुचतं.

“आई बरी आहे. इथेच उभी आहे. ऐक, आई बरी आहे रे.”

“मग तुम्ही?”

“मला काय धाड भरलीय?” मग त्याने सांगून टाकलं. “मी स्पंज धुतला.”

पोराने श्वास सोडल्याचं ऐकू आलं. टर्नर वाट बघत होता, मी सांगितलं होतं, हे कधी येतंय त्याची.

“किती गेले?” पोराने विचारलं.

“एक.”

“कुठला?”

“तो... उजव्या बाजूची मिशी आखूड होती तो. फिल्टरखाली झोपायचा नेहमी.”

“तुम्हाला वेगवेगळे ओळखता येतात?”

“रोज बघतो. आंधळा आहे का मी?” टर्नर म्हणाला. आवाज चढवायचा होता, चढला नाही. “मी मीठही घातलं. तुला नंतर कळण्यापेक्षा आत्ताच सांगतो. दुकानातून तो स्पंज आणला, निळ्या दोऱ्याचा. लावला. पाणी काढलं तिसरा हिस्सा. आता काय करू? ते पडून आहेत.”

“कल्ले?”

“हलतायत. भराभर.”

“मिशा? खाली लोंबतायत का?”

टर्नर स्टुलावरून उतरून जमिनीवर बसला. गुडघे वाजले. काचेला नाक लागेल एवढा पुढे झाला. अंधारलेल्या पाण्यात मासे वाळूवर पसरले होते.

“नीट दिसत नाही. दिवा लावू?”

“नको, नको. दिवा नको. डोळे दिसतात का? हे मासे डोळे मिचकावतात, बाबा. म्हणजे पापणी नाही, पण बुबुळ असं खाली फिरवतात. एकदम. बघितलंय का कधी?”

बघितलं होतं. कोणाला विचारायचं म्हणून विचारलं नव्हतं. “हो. मला वाटायचं भास होतो.”

“भास नाही. जरा जरी सावरले ना, की पुन्हा करायला लागतात. एकावर नजर ठेवा. सगळ्यात धडधाकट असेल त्याच्यावर.”

टर्नरने मोठ्यावर नजर ठेवली. मोठा काचेपासून जवळच होता, पोट वाळूला लागलेलं, कल्ले धडधडतायत. डोळा उघडा, कडेला सोनेरी, मधे काळा, स्थिर. बायको मागे येऊन उभी राहिली. तिने फोन मागितला नाही. पंपाची धार पडत होती आणि फोनमधून पोराच्या बाजूचंही पाणी ऐकू येत होतं, तिथल्या मोठ्या टाक्यांचं. कोणीतरी त्याला मागून हाक मारली. पोरगं “आलो” म्हणालं.

“मिचकावला का, बाबा?”

“नाही.”

“बघत राहा.”

“बघतोय.”

मोठ्याने अंग जरा हलवलं, वाळूवर बोटभर सरकला, परत टेकला. डोळा तसाच. टर्नरचा श्वास काचेवर धुरकटला आणि त्याने तो हाताने पुसला. बरबटलेल्या बोटांचा तपकिरी पट्टा काचेवर उमटला. पलीकडून पुन्हा हाक आली, या वेळी जास्त मोठ्याने.

“बाबा, मला जरा...”

“अजून नाही मिचकावला,” टर्नर घाईने म्हणाला. “थांब. ठेवू नकोस. मी बघतोय, तू ठेवू नकोस फोन.”